राक्षसाचा धुण्याचा दगड

सुलभाताई कर्णिकांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्या स्वतःच्याच दारात अडकल्या होत्या. दार सताड उघडं होतं, किल्ली हातात होती, वाटेत काहीही नव्हतं. तरी उंबऱ्याच्या आत, एक हात चौकटीवर ठेवून त्या नुसत्या उभ्या होत्या. मी वरच्या मजल्यावरून फोनवर बोलत उतरत होते. एडिनबऱ्यातल्या त्या जुन्या दगडी इमारतीत सगळ्यांना मिळून एकच जिना, आणि त्या जिन्यात आवाज असा घुमायचा की कुणाचंच काही खाजगी राहायचं नाही. "आई, ऑफिसला उशीर होतोय गं, नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला, तर दारातून शुद्ध मराठीत प्रश्न आला.

"नंतर म्हणजे कधी?"

मी थबकले. इमारतीत आणखी कुणी मराठी असेल असं मला वाटलंच नव्हतं. राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता.

"ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुझा बूट माझ्या पायासमोर आडवा ठेव बरं. असा. आता हलू नकोस."

मी काही न कळून पाय पुढे केला. त्यांनी माझ्या बुटाकडे नीट बघितलं, ओढ्यातला ओंडका ओलांडावा तसा पाय उचलून तो ओलांडला, आणि पुढे जिन्यावरून माझ्या आधी खाली उतरूनही गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पांढरे कापलेले केस, मरून रंगाचा रेनकोट, खांद्याला कापडी पिशवी. खालच्या दारापाशी वळून म्हणाल्या, "मला पार्किन्सन्स आहे. सपाट जमिनीवर पाय चिकटतात. जिन्यावर नाही चिकटत. काऊन, ते मात्र अजून कुणाला नीट सांगता येत नाही. गंमत आहे की नाही?"

स्वतःच्या आजाराला गंमत म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

'काऊन' हा त्यांचा शब्द. त्या अकोल्याच्या. नागपूरला डॉक्टर झाल्या, लग्न करून इकडे आल्या, इथेच कन्सल्टंट होऊन निवृत्त झाल्या. एरवी पुस्तकात शोभेल असं मराठी बोलायच्या, पण कुतूहल जागं झालं की 'का' मागे पडून 'काऊन' पुढे यायचा. आणि त्यांचं कुतूहल झोपलेलं मी कधी पाहिलं नाही. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या शेजारी त्या स्टूल ओढून बसत आणि विचारत, ज्योत निळी का, पिवळी झाली तर काय, तू हे काम का निवडलंस, बायकोला आवडतं का. तो माणूस दुरुस्ती झाल्यावरही चहा पीत बसलेला असायचा.

मी पहिल्या दिवशी त्यांना 'काकू' म्हटलं. त्या म्हणाल्या, "काकू नको. तुझ्या काकांशी माझं लग्न झालेलं नाही." म्हणून मग सुलभाताई.

त्यांचे यजमान प्रभाकरराव भूलतज्ज्ञ होते आणि मी येण्यापूर्वीच गेले होते. सुलभाताई स्वतः वृद्धांच्या डॉक्टर. "आमचा संसार म्हणजे कामाची वाटणी होती," असं त्या सांगायच्या. "त्याने आयुष्यभर लोकांना झोपवलं, मी उठवून चालवलं."

आता स्वतःलाच चालवायची वेळ आली होती, तर त्यांनी त्याचा अभ्यास मांडला होता. त्यांच्या फ्लॅटमधल्या लांब पॅसेजमध्ये जमिनीवर रंगीत टेपचे आडवे पट्टे चिकटवलेले होते. पट्टे असले की त्यांचा पाय आपोआप उचलला जायचा. फिजिओने पांढरी टेप सांगितली होती, पण सुलभाताईंना ते पटलं नाही. त्यांनी पिवळी लावून पाहिली, लाल लावून पाहिली, जवळजवळ लावली, लांबलांब लावली. मला भिंतीला टेकून उभं राहायला लावायच्या आणि म्हणायच्या, "बघ, लालवर मी जास्त डौलात चालते की नाही?" मी हो म्हणायचे. "खोटं बोलतेस," त्या म्हणायच्या. "पुन्हा बघ."

आमच्या रस्त्याच्या टोकाला झेब्रा क्रॉसिंग होतं. फुटपाथवर त्यांना पावलापावलाला थांबावं लागायचं. पण झेब्रा क्रॉसिंगचे काळे-पांढरे पट्टे लागले की त्या कॉलेजातल्या मुलीसारख्या चालत पलीकडे जायच्या. एकदा मी ऑफिसातून येताना पाहिलं, तर त्या पलीकडे पोचल्या, वळल्या आणि परत अलीकडे आल्या. मग पुन्हा पलीकडे. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. शेवटी एका बसच्या ड्रायव्हरने खिडकी उघडून, इकडे बायकांना लाडाने म्हणतात तसं 'हेन' म्हणत विचारलं, "हेन, तुला जायचंय का यायचंय?" सुलभाताई खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला पार्किन्सन्स समजावून सांगू लागल्या. मागे हॉर्न वाजायला लागले. तो ड्रायव्हर मात्र मन लावून ऐकत होता. त्या दिवसापासून तो त्यांना बघून हात करायचा. सगळ्या शहराच्या फुटपाथवर पट्टे मारा म्हणून त्यांनी कौन्सिलला फोनही केला. "विचार करू म्हणाले," त्या म्हणाल्या. "विचार करणार नाहीत, पण बाई गोड बोलत होती."

शनिवारी आम्ही ट्रेनने समुद्रावर जायचो. अकोल्याच्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलातला निळा रंग. सुलभाताईंना पहिली नोकरी मिळाली ती इथल्याच किनाऱ्यावरच्या एका लहान हॉस्पिटलात, आणि तिथला किनारा सगळा खडकाळ. त्यामुळे समुद्र म्हणजे दगड, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वाळूचा किनारा त्यांना आवडायचा नाही. "सगळं दळून ठेवलेलं. त्यात बघायचं काय?" ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांशी त्या तासन् तास वाकून बसत. एखादा धोंडा अलगद उचलायचा, खालच्या खेकड्याची, शिंपल्यांची विचारपूस करायची, आणि धोंडा होता तसाच परत ठेवायचा, तीच बाजू वर, तेच टोक समुद्राकडे. मी एकदा तो उलटा ठेवला तर मला परत पाठवलं. "त्याचं छप्पर आहे ते, गौरी. तुझ्या फ्लॅटचं कुणी असं उलटं ठेवलं तर?"

आणि तिथे, त्या वेड्यावाकड्या खडकांवर, सुलभाताईंचा पाय चिकटायचा नाही. मीच घसरायचे. त्या पुढे जाऊन थांबलेल्या असायच्या. परतताना स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर मात्र मला बूट आडवा घालत घालत त्यांना प्लॅटफॉर्मवर न्यावं लागायचं.

एके दिवशी त्या डेंटिस्टकडून एक जुनं मासिक घेऊन आल्या. रिसेप्शनवरच्या मुलीकडे त्यातलं एक पान मागितलं, तर तिने अख्खं मासिकच देऊन टाकलं होतं. मधल्या दोन पानांवर जपानच्या दक्षिणेकडच्या मियाझाकी भागातला एक किनारा होता. झाडांनी भरलेलं एक छोटं बेट आणि त्याच्या चारी बाजूंना, ओहोटीमुळे उघडा पडलेला खडक. पण कसा? कुणीतरी कंगवा फिरवावा तसा. एकामागून एक सरळ, समांतर कडा, मध्ये पाण्याच्या रेघा, थेट समुद्रात गेलेल्या. खाली लिहिलं होतं की तिथले लोक याला राक्षसाची कपडे धुण्याची फळी म्हणतात.

"फळी काय, धुण्याचा दगड म्हण," सुलभाताई म्हणाल्या. बोट त्या रेघांवरून हळूहळू फिरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गौरी, हे बघितलंस का तू? हा माझा पॅसेज आहे. समुद्रात बांधलेला."

त्यांचा मुलगा निखिल लंडनजवळ ब्रॅकनेलला राहायचा, एका टेक्नॉलॉजी कंपनीत. इथेच जन्मलेला, आईवर जीव असलेला, सदा काळजीत. त्याने घरामागे आईसाठी एक खोली बांधली होती आणि तिने एडिनबरा सोडून तिकडे यावं म्हणून वर्षभर मागे लागला होता. आई हा किनारा बघायला जपानला निघालीय हे कळल्यावर तो पहिल्या ट्रेनने आला.

"आई, इट्स मॅडनेस. ती दगड ओली असते. तू पडली तर?"

"तो दगड, निखिल. आणि ओला असतो."

"व्हॉटेव्हर! तू स्वतः पेशंट्सना काय सांगायची? फ्लॅट जागेवर चाला. घरात कार्पेट नको, गार्डनमध्ये एकटं नको. मी ऐकलंय ना, लहानपणी, फोनवर."

सुलभाताईंनी चहाचा कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "मला हे बघून येऊ दे. आल्यावर मी ब्रॅकनेलला येते. वाद घालणार नाही."

निखिल माझ्याकडे बघून म्हणाला, "तू जाशील तिच्याबरोबर?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं. इतकी शिल्लक रजा मी नाहीतरी कुठे घालवणार होते.

मार्चमध्ये गेलो. विमानतळांवरच्या सपाट, चकचकीत फरशांनी सुलभाताईंचे हाल केले. शेवटी व्हीलचेअर घेतली, आणि ती ढकलणाऱ्या प्रत्येकाची घरची सगळी माहिती आम्हाला कळली. मियाझाकीच्या हॉटेलात लिफ्टपासून खोलीपर्यंत एकरंगी राखाडी गालिचा होता. तिथे त्या इतक्या वेळा थांबल्या की खोलीत पोचल्यावर पलंगावर बसून डोळे मिटून म्हणाल्या, "निखिलचं बरोबर असेल गं." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. गोळीचा अंमल कधी चढतो आणि कधी उतरतो ते त्यांना पाठ होतं. त्या हिशेबाने आम्ही निघालो. बेटावर जायला एक लांब, सरळ, सपाट पूल आहे. त्या पुलाने आमची परीक्षा पाहिली. त्यांचा पाय थांबला की मी बूट आडवा घालायचे. मागे शाळेच्या सहलीची रांग थांबून राहिली, पण कुणी चुळबुळ केली नाही. पूल संपला, आम्ही कठड्यापाशी आलो आणि समोर ते दिसलं.

फोटोत ते देखणं होतं. प्रत्यक्षात ते विचित्र होतं. दगड इतका शिस्तीत वागलेला मी कधी बघितला नव्हता. पायरीएवढ्या उंचीच्या कडा, लांबच लांब, एकीमागे एक, आणि मधल्या पन्हाळीत साचलेलं पाणी सकाळच्या उन्हात चमकत होतं. वारा गार होता. समुद्र खूप लांब, पांढऱ्या रेघेसारखा.

"मऊ थर आणि कडक थर," सुलभाताई म्हणाल्या. "मऊ झिजला, कडक उरला. पण इतकं सरळ काऊन?" आणि माझा हात सोडून त्या खाली उतरल्या.

मी त्यांना त्यांच्या पॅसेजमध्ये पाहिलं होतं, झेब्रा क्रॉसिंगवर पाहिलं होतं. हे काही निराळंच होतं. पहिली कड ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि मग त्यांना लय सापडली. पाय उचलायचा, ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा. पाठ सरळ झाली. एरवी पोटाशी धरलेला उजवा हात सुटून झुलायला लागला. रेनकोट वाऱ्यावर फडफडत होता. मी मागून ओरडत होते, "सुलभाताई, शेवाळ आहे, जपून!" त्यांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. निखिलसाठी मी फोनवर व्हिडिओ घेत होते, पण कडांवरून घसरत चालताना फोन सारखा हलत होता.

पार टोकाला एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. मी धापा टाकत पोचेपर्यंत सुलभाताई त्यांच्या शेजारच्या कडेवर बसून फोनवरच्या भाषांतराने गप्पा मारत होत्या. त्या फोनमध्ये इंग्रजीत बोलायच्या, फोन जपानी बोलायचा, गृहस्थ कान पुढे करून ऐकायचे. ते शाळेत शिक्षक होते, आता रिटायर, रोज इथे येतात, इतकं कळून झालं होतं.

"त्यांना विचारलं मी," सुलभाताई मला म्हणाल्या, "की हा राक्षसाचा धुण्याचा दगड, तर राक्षसाचे कपडे धुवायचं कोण? तो स्वतः, की त्याची बायको?"

फोनने तो प्रश्न जपानीत म्हटला तेव्हा गृहस्थांनी गळ खाली ठेवला. समुद्राकडे बघत विचार केला. मग ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत हसले, आणि काहीतरी म्हणाले. फोनने सांगितलं, "मी इथेच जन्मलो. हे मला कुणी विचारलं नाही. आज घरी जाऊन माझ्या पत्नीला विचारतो."

आम्ही जरुरीपेक्षा जास्त वेळ बसलो. उठलो तेव्हा पन्हाळींतलं पाणी हलायला लागलं होतं. सुलभाताईंची पावलं जाताना होती तशी राहिली नव्हती. त्यांची गोळी उतरत होती. तरी कडांच्या आधाराने अर्धी वाट नीट पार पडली. मग अशी जागा आली, जिथे वाळूने कडा बुजवून टाकल्या होत्या. जाताना आम्ही जरा बाजूने गेलो होतो. आता समोर ओली, सपाट, रेघ नसलेली वाळू. सुलभाताई तिथे उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

मी बूट आडवा घातला. पाय हलला नाही. पुन्हा घातला. गुडघे थरथरले, टाच उचलली, चवडा तिथेच. मागून पाणी पन्हाळीतून आवाज न करता पुढे येत होतं. माझ्या बुटात गार पाणी शिरलं आणि मी घाबरले. त्यांना उचलायला गेले तर म्हणाल्या, "ओढू नकोस. ओढलंस तर दोघी पडू. घाबरायचं कारण नाही, पाणी अजून घोट्याशी आहे." पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात ते गृहस्थ सामान आवरून आमच्या मागून आले. सुलभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या गळाच्या लांब, लालभडक काठीकडे, आणि आपल्या पायासमोर बोट दाखवलं. गृहस्थांना एका क्षणात कळलं. त्यांनी काठी वाळूवर आडवी ठेवली. सुलभाताईंनी ती बघितली, श्वास घेतला आणि ओलांडली. गृहस्थांनी काठी उचलून पुन्हा पुढे ठेवली. दर वेळी ते वाकताना थोडी मान झुकवत, आणि दर वेळी सुलभाताई ओलांडून झाल्यावर तशीच मान झुकवत. पाठीमागे समुद्र येत होता आणि हे दोघे एकमेकांना नमस्कार करत चालले होते. भीतीने रडू येत असताना मला हसू आलं.

कठड्यावर बसवल्यावर मी त्यांचे बूट काढून पाणी ओतलं. ते गृहस्थ निरोप घेऊन पुलाकडे गेले. सुलभाताई थकल्या होत्या, ओठ निळसर झाले होते, पण डोळे त्या रेघांवरून हलत नव्हते. त्या कडा आता एकेक करून पाण्याखाली जात होत्या.

"गौरी, हॉस्पिटलमध्ये माझी एक पेशंट होती. मेंढपाळाची बायको. डोंगरातली. घरात तिला एक पाऊल टाकता यायचं नाही, आणि ती म्हणायची, डॉक्टर, मला डोंगरावर जाऊ द्या, तिथे मी चालते. मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मी तिला खालच्या गावात, सपाट जागेवरच्या बैठ्या घरात हलवायला लावलं." त्यांनी माझ्या हातातला ओला बूट घेतला. "मी जगाला प्रश्न विचारत फिरते. आणि माझ्याच पेशंटला, तुम्हाला कुठे चालता येतं, एवढं विचारलं नाही. कुणालाच नाही."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं म्हणूनच तर विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले, तेही रेनकोटच्या ओल्याच बाहीने.

परतल्यावर त्यांनी शब्द पाळला. सामान बांधायला घेतलं. पण जायच्या आधी आपल्या जुन्या डिपार्टमेंटला फोन करून तिथल्या तरुण डॉक्टरांसमोर बोलायला वेळ मागून घेतला. मी त्यांना नेऊन पोचवलं. माझा तो हलता व्हिडिओ त्यांनी पडद्यावर लावला आणि त्या मेंढपाळाच्या बायकोची गोष्ट सांगितली, स्वतःला कुठेही न वाचवता. शेवटी म्हणाल्या, "मी तुम्हाला दगडावर चढवा असं सांगत नाहीये. मीही बुडता बुडता वाचले. फक्त विचारा." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "आजच वॉर्डात एक आजोबा जिन्यावर जाऊ द्या म्हणत होते, मी त्यांना रागावले." सुलभाताई म्हणाल्या, "मग जा ना आत्ता." ती मुलगी खरंच गेली.

व्हिडिओ निखिलनेही पाहिला. त्याने तो आईसमोर पाहिला नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, माझी गार्डन मी स्टोनची करतो." सुलभाताईंनी 'माझी'चं 'माझं' केलं नाही. त्याच्या गालावरून हात फिरवला.

त्या बागेतल्या खोलीत सुलभाताई वर्ष-दीड वर्ष राहिल्या. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त होऊन गेल्या. निखिलचा फोन आला तेव्हा मी याच जिन्यावर होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एडिनबऱ्याच्या स्टेशनवर, ब्रॅकनेलला निघाल्या त्या दिवशी. निखिल न्यायला आला होता. स्टेशनच्या माणसाने उतरती फळी लावून व्हीलचेअर डब्यात चढवली, सुलभाताईंना खिडकीशी बसवलं. मी बाहेर काचेला लागून उभी. मनाशी ठरवून आले होते की रडायचं नाही, आणि काय बोलायचं तेही ठरवलं होतं, पण काच जाड होती. त्यांनी माझ्याकडे बघून हात उचलला. तेवढ्यात समोरच्या सीटवर एक दाढीवाला माणूस येऊन बसला आणि त्याने टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. खोक्याला बारीक बारीक भोकं पाडलेली होती.

सुलभाताईंचा उचललेला हात तसाच राहिला. मान वळली. मी बघत होते, त्यांनी काहीतरी विचारलं. तो माणूस आधी गोंधळला, मग हसला. गाडी हलली. मी दोन-चार पावलं बरोबर चालले, हात हलवत. निखिल मला खुणेने सॉरी म्हणत होता आणि आईच्या खांद्याला हात लावून तिला खिडकीकडे वळवू बघत होता. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या टेबलावर पुढे वाकल्या होत्या, तो माणूस खोक्याचं झाकण बोटभर उघडत होता, आणि आत जे काही होतं त्याच्याकडे बघून सुलभाताईंचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. गाडी बोगद्यात शिरली.